निळ्या दाढीची सहावी बायको

पॅरिसच्या त्विलरी बागेत शार्ल पेरोचं स्मारक शोधायला मला अर्धा तास लागला. तिथे देवदेवतांचे नि वीरांचे संगमरवरी पुतळे पावलापावलावर आहेत. त्या गर्दीत गोष्टी सांगणाऱ्या या माणसाचा अर्धपुतळा झाडांच्या आडोशाला आहे. खाली बूट घातलेलं मांजर ऐटीत उभं आहे आणि मुलांनी फेर धरलाय. या बागेत लोखंडी हिरव्या खुर्च्या मोकळ्या ठेवलेल्या असतात. ज्याने त्याने उचलायची, सावलीत ओढायची, बसायचं. एक आजोबा आपली खुर्ची उन्हाबरोबर सरकवत सरकवत पेपर वाचत होते. मीही एक ओढली आणि पेरोच्या समोर बसले.

ही बाग आज सगळ्यांना मोकळी आहे त्यातही पेरोचा वाटा आहे. चौदाव्या लुईच्या काळात बागेचं नवं रूप तयार झालं, तेव्हा मंत्री कोल्बेरच्या मनात ती राजघराण्यापुरती राखून ठेवायची होती. पेरो त्याच्या हाताखालचा अधिकारी. लोकांना इथे येऊ द्यावं असं त्याने कोल्बेरला पटवलं, हे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. ज्या माणसाने बागेचं दार उघडं ठेवायला लावलं, त्यानेच १६९७ साली उघडू नये अशा दाराची गोष्ट छापली, ती म्हणजे 'निळी दाढी'.

पेरोच्या गोष्टींपैकी सिंड्रेला आणि लाल टोपीवाली मुलगी इंग्रजी पुस्तकांतून आपल्या घराघरांत आल्या. 'निळी दाढी' मागे राहिली, कारण ती भयंकर आहे. मी ती पुण्यात फ्रेंच शिकताना प्रथम वाचली. निळ्या दाढीचा एक श्रीमंत माणूस. त्याच्या आधीच्या बायकांचं काय झालं कुणाला ठाऊक नाही. नव्या बायकोच्या हाती तो घराच्या सगळ्या किल्ल्या देतो आणि सांगतो, ही एक छोटी खोली सोडून सगळं उघड. ती उघडते. आत आधीच्या बायकांची प्रेतं. हातातली किल्ली रक्तात पडते आणि तिच्यावरचा डाग घासला तरी जात नाही. एका बाजूने पुसला की दुसऱ्या बाजूने उमटतो. शेवटी तिचे भाऊ धावत येतात आणि त्याला मारतात. पेरो खाली पद्यात तात्पर्य जोडतो आणि ते असं की कुतूहल वाईट, त्याचा पश्चात्ताप होतो. इतक्या बायका मारणाऱ्याबद्दल त्या पहिल्या तात्पर्यात अवाक्षर नाही. वर्गात हे वाचलं तेव्हा मला राग आला होता, आणि तो गेलेला नाही.

त्या रागाचं मूळ आमच्या गावात आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत माळावर तमाशाचा फड यायचा. कनात लागायची, गॅसबत्त्या पेटायच्या. घरातले पुरुष जेवून जायचे. आम्हा मुलींना त्या बाजूला फिरकायचीही बंदी. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या ढोलकी ऐकू यायची, हशा ऐकू यायचा, आणि माझी आजी पांघरूण ओढून म्हणायची, "झोप गं बाई, ते आपलं नव्हे." दुसऱ्या दिवशी धाकटे चुलते पडवीत बसून वगातला राजा, प्रधान, हवालदार सगळ्यांची नक्कल करून दाखवायचे, पण गवळणीचा भाग आला की आमच्याकडे बघून थांबायचे. त्या कनातीच्या आत काय आहे हे मी चाळिशी उलटल्यावर पाहिलं. म्हणून पेरोच्या गोष्टीतल्या बायकोने किल्ली फिरवली त्याचा दोष मी तिला देऊच शकत नाही.

मी २०१९ च्या जूनमध्ये फ्रान्सला गेले ती याच गोष्टीच्या मागे. ज्या गोष्टीने मला राग आणला, तिचीच पॅरिसवाल्यांनी दीडशे वर्षांपूर्वी अशी काही उलथापालथ केली की प्रेक्षक पोट धरून हसले. जाक ऑफेनबाखचं संगीत, आंरी मेयाक आणि ल्युदोविक आलेव्ही यांचं लेखन, तीन अंकी प्रहसन-ऑपेरा 'बार्ब-ब्ल्यो', म्हणजे निळी दाढीच. पहिला प्रयोग ५ फेब्रुवारी १८६६. ऑफेनबाखच्या जन्माला त्या जूनमध्ये दोनशे वर्षं पूर्ण होत होती आणि ल्यों शहराच्या ऑपेरात हे नाटक नव्याने उभं राहिलं होतं. पण आधी या नाटकाचं जन्मघर, पहिल्या प्रयोगाचं नाट्यगृह, बघायचं होतं.

मोंमार्त्र बुलव्हारवर तेआत्र दे व्हारिएते आहे. १८०७ पासून ते तिथेच आहे. वाहनांच्या धबडग्यात, कॅफेंच्या छत्र्यांच्या रांगेत खांबांचं एक नीटस दर्शनी तोंड. दारावर चालू नाटकाची मोठी पाटी होती, ती ऑफेनबाखची नव्हती, आणि तेच मला बरं वाटलं. जुनं नाट्यगृह स्मारक होऊन गप्प बसलेलं नाही, रोज तिकिटं विकतंय.

त्याच्या शेजारूनच पासाज दे पानोरामा आत शिरतो. पासाज म्हणजे वरून काचेचं छप्पर असलेली गल्ली. आपल्या पेठांतल्या बोळाला कुणी काच घातली तर कसं दिसेल तसं. ही गल्ली १८०० सालची. जुनी पोस्टाची तिकिटं विकणारी दुकानं, पिवळ्या पोस्टकार्डांचे खोके, आणि त्यांच्यात घुसलेल्या खानावळींची टेबलं. एका दुकानात मी नुसती आत डोकावून तिकिटं चाळायला लागले, तर मालकीणबाई हातातलं काम ठेवून माझ्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्या लक्षात आलं. मी "बोंजूर मादाम" म्हटलं आणि त्यांचा चेहरा उजळला; मग त्यांनी आपण होऊन ड्रॉवर उघडून दाखवले. आपल्याकडे दुकानात शिरताना "काय आहे का हो?" हाच नमस्कार. इथे दुकान हे त्या माणसाचं घर समजायचं, उंबऱ्यावर आधी रामराम, मग व्यवहार. हे मला फार आवडलं.

नाट्यगृहाचं कलाकारांचं दार या गल्लीत उघडतं. झोलाची 'नाना' ज्यांनी वाचली असेल त्यांना ते ओळखीचं वाटेल. त्या कादंबरीची सुरुवात याच नाट्यगृहात होते आणि बायकांवर जीव टाकणारे श्रीमंत लोक याच गल्लीत ताटकळतात. याच दारातून ओर्तांस श्नायडर आत जात असे. १८६६ साली तिने 'बार्ब-ब्ल्यो'मधली बूलोत साकारली. बूलोत या शब्दाचा अर्थच गुबगुबीत. तेव्हाच्या पॅरिसची ती सगळ्यात लाडकी गाणारी नटी होती. मी त्या साध्या दारासमोर बराच वेळ उभी होते. एक पोऱ्या आतून पाण्याच्या बाटल्यांचा रिकामा खोका घेऊन आला, गल्लीत ठेवला आणि पुन्हा आत गेला.

मोंमार्त्रच्या दफनभूमीत ऑफेनबाखची समाधी आहे. तिची रचना शार्ल गार्निएची, ज्याने पॅरिसचं भव्य ऑपेरागृह बांधलं. वर ब्राँझचा अर्धपुतळा. कोलोनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी चेलो वाजवत पॅरिसला आला, फ्रेंच झाला, आणि सबंध शहराला आपल्या चालींवर नाचवून १८८० च्या ५ ऑक्टोबरला गेला. ती तारीख दगडासमोर उभं राहून मनात म्हटली आणि अंगावर काटा आला. त्याच महिन्यात, ३१ ऑक्टोबरला, पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. दोघांना एकमेकांचं नावही माहीत असण्याचं कारण नाही. पण इकडे गाण्यावर उभ्या राहिलेल्या नाटकाचा एक राजा जातो आणि सव्वीस दिवसांनी आपल्याकडे संगीत नाटकाचा पडदा वर जातो, या योगायोगाला मी मनातल्या मनात हात जोडले. जवळच्या थडग्यावर एक बाई झारीने फुलांना पाणी घालत होती. या लोकांना थडग्याशी बसून डबा खाताना, वाचताना मी पाहिलं. आपल्याकडे स्मशानातून परतताना मागे वळून बघत नाहीत.

पॅरिसहून ल्योंला जाणारी गाडी इतकी वेगाने जाते की डोळा कशावर ठरत नाही. तरी बूर्गोन्यच्या टेकड्यांवरच्या पांढऱ्या गाई लक्षात राहिल्या. शारोलेच्या त्या धिप्पाड, दुधाळ रंगाच्या गाई हिरव्या उतारावर कुणी पीठ सांडावं तशा पसरलेल्या होत्या. त्या आठवड्यात फ्रान्सवर उन्हाची लाट आली होती. दक्षिणेत पारा पंचेचाळीसच्या वर गेला. डब्यातली माणसं पंख्याने वारा घेत, कपाळावर ओले रुमाल ठेवत बसली होती, आणि मला मात्र विदर्भातल्या मे महिन्याची सवय आठवून उगाच सगळ्यांना कांदा खिशात ठेवा म्हणून सांगावंसं वाटत होतं.

ल्यों हे विणकरांचं गाव. रेशीम विणणाऱ्यांना तिथे कान्यू म्हणतात. क्र्वा-रूसच्या चढावर त्यांची उंच छतांची घरं आहेत, उंच अशासाठी की माग आत मावावा. घरांच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्याला जाणाऱ्या चिंचोळ्या वाटा आहेत, त्यांना त्राबूल म्हणतात. साधं घराचं दार ढकलायचं, अंधाऱ्या बोळातून, विहिरीच्या चौकातून, जिन्याखालून जायचं आणि भलत्याच गल्लीत निघायचं. कितीतरी त्राबूलच्या दारांमागे आजही लोक राहतात, म्हणून आवाज न करता जायचं असतं. एका चौकात वाळत घातलेल्या चादरीखालून वाकून जाताना वाड्यातल्या बिऱ्हाडांची आठवण आली. मागांच्या इचलकरंजीला माझी मावशी राहायची. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला इथली शांतता चुकल्याचुकल्यासारखी वाटते. इथले माग आता बहुतेक संग्रहालयात आहेत. मजुरीच्या दरासाठी या विणकरांनी १८३१ साली आणि पुन्हा १८३४ साली उठाव केला होता.

याच गावात गिन्योल जन्मला. हातमोज्यासारखी हातात घालायची ही बाहुली. लोराँ मुर्गे हा विणकराच्या घरचा मुलगा. रेशमाचा धंदा बुडाला तसा फिरता विक्रेता झाला, मग दात उपटू लागला. गिऱ्हाईक जमावं म्हणून खुर्चीशेजारी बाहुल्या नाचवायचा. लोक दातासाठी कमी आणि बाहुल्यांसाठी जास्त यायला लागले, तेव्हा त्याने दात सोडले. १८०८ च्या सुमारास गिन्योल आला. तो गरीब विणकर, घरमालकाला आणि शिपायाला दांडक्याने बडवणारा. सोबत न्याफ्रों नावाचा लाल नाकाचा चांभार, दारूचा भक्त. जुन्या ल्योंमधल्या एका छोट्या बाहुलीघरात मी खेळ पाहिला. शिपाई आला की मुलं जिवाच्या आकांताने ओरडून गिन्योलला सावध करत होती. पाच वर्षांची एक मुलगी तर बाकावर उभीच राहिली आणि तिच्या आजोबांनी तिला बसवलं नाही. सत्तेला दांडकं बसताना बघण्याचा आनंद इथे मुलांना पाळण्यापासून मिळतो. पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या मी पाहिल्या आहेत. त्यांत रामायण आहे, देवादिक आहेत. आपल्याकडे दांडक्याचं ते काम वगातल्या सोंगाड्याने केलं.

दुपारी बूशोंमध्ये जेवले. बूशों म्हणजे ल्योंची खानावळ. चौकडीचे टेबलपोस, एकमेकांना खेटून टेबलं, आणि शेजारचा माणूस आपल्या ताटात डोकावून "हे घ्या, ते नको" असं बेलाशक सांगणार. पॅरिसमध्ये हे घडत नाही. मांस खात नसल्याने मला तिथल्या बऱ्याच खास पदार्थांना मुकावं लागलं, पण वाढणाऱ्या बाईंनी माझ्यापुढे 'सेर्व्हेल द कान्यू' ठेवलं. शब्दशः अर्थ विणकराचा मेंदू. आहे मात्र ताजं, मऊ चीज. आपला चक्का कसा असतो तसं, त्यात बारीक चिरलेला लसणीच्या पातीसारखा पाला, छोटा कांदा, लसूण, मिरपूड, तेल आणि व्हिनेगरचे थेंब. पावाला लावून खायचं. पहिल्या घासाला मला लसणीची चटणी कालवलेल्या दह्याची आठवण झाली. गरीब विणकराला मटणाचा भेजा परवडत नसे, तो हे खात असे, म्हणून हे नाव अशी तिथली सांगी. गरिबाच्या ताटाला थट्टेचं नाव देऊन त्याच थट्टेत मान मिळवायचा, ही तऱ्हा मला ल्योंमध्ये सगळीकडे दिसली.

संध्याकाळी ऑपेराकडे गेले. इमारत १८३१ ची, पहिल्या उठावाच्याच वर्षाची. वास्तुशिल्पी झाँ नूव्हेलने जुन्या भिंती ठेवल्या आणि वर अर्धगोल काचेचं मोठं छत चढवून १९९३ साली ती पुन्हा उभी केली. दर्शनी कठड्यावर कलादेवींचे पुतळे आहेत, नवाऐवजी आठच. खालच्या ओवरीत पोरं गुळगुळीत फरशीवर डोक्यावर उभं राहून ब्रेकडान्स करत होती, आणि रेशमी पोशाखातले प्रेक्षक त्यांना वळसा घालून दारात शिरत होते. कुणी कुणाला हटकत नव्हतं. आतलं प्रेक्षागार मात्र सगळं काळं. काळ्या भिंती, काळ्या खुर्च्या, जणू निळ्या दाढीच्या तळघरात आपण आधीच येऊन बसलो.

दिग्दर्शक लोराँ पेली. पडदा उघडला आणि मला वाटलं मी चुकीच्या नाटकाला आले. समोर आजचं शेत. गोठा, गवत, चिखल. आणि वर वर्तमानपत्राचं पान, त्यात बेपत्ता बायकांची बातमी. सफीर हा मेंढपाळ म्हणून राहणारा राजपुत्र फुलवाल्या फ्लरेतवर प्रेम करतो. बूलोत त्याच्या मागे लागलेली आहे, तीही अगदी उघडपणे. ती शेतावर राबणारी, पायांत गमबूट, आवाज खणखणीत. निळ्या दाढीच्या पदरचा किमयागार पोपोलानी गावात येतो. त्याला मालकासाठी गावातली सर्वांत सद्गुणी मुलगी हवी. कोण सद्गुणी हे ठरवणार कसं, म्हणून चिठ्ठ्या टाकतात, आणि चिठ्ठी निघते बूलोतची. सगळं गाव हसतं. ती हसत नाही. ती म्हणते की माझं नाव आलंय ना, मग मीच. तेवढ्या एका क्षणात ही बाई माझी झाली.

तिकडे राजाचा मंत्री ओस्कार येतो. राजा बोबेशने मुलगा झाला म्हणून मुलगी टोपलीत घालून नदीत सोडली होती. तो मुलगा पुढे नालायक निघाला, म्हणून आता मुलगी शोधायची. फ्लरेतकडे ती टोपली सापडते आणि ती राजकन्या एर्मिया ठरते. हे ऐकून सभागृह हसलं. मला हसू आलं नाही. नकोशी म्हणून मुलीचं नाव ठेवणाऱ्या गावातून मी आले आहे. १८६६ च्या पॅरिसमध्ये कुणीतरी हे ओळखून मांडलं होतं, त्याचं मला अप्रूप वाटलं.

मग काळ्या लांब मोटारीतून निळी दाढी आली. मी बसल्या जागी ताठ झाले. पेरोच्या भयाचा माणूस. त्याने तोंड उघडलं आणि अशी काही उडती, टाळी मागणारी चाल गायली की आपण किती आनंदी विधुर आहोत हे तो सबंध गावाला मिरवून सांगतो आहे. पाच बायका गेल्या आणि हा प्रत्येक वेळी नव्याने प्रेमात पडतो. लग्न केल्याशिवाय प्रेम करणं त्याच्या सभ्यतेत बसत नाही, आणि नवी करायची तर जुनी मारायला हवी. इथे ऑफेनबाखचं खरं बळ मला कळलं. पेरोचा माणूस गप्प असतो, म्हणून आपण त्याला घाबरतो. याला ऑफेनबाखने गायला लावलं. गायला लागल्यावर त्याचं सगळं तर्कट उघड्यावर आलं, आणि उघड्यावर आलेल्या तर्कटाला माणूस हसतो.

दुसऱ्या अंकात राजवाडा. बोबेश हे नाव पॅरिसच्या रस्त्यावरच्या एका जुन्या, गाजलेल्या विदूषकाचं. राजाला तेच दिलंय. दरबारी किती खाली वाकू शकतो यावर त्याची पायरी ठरते. वाकण्याचं एक सबंध समूहगीत आहे. चाल जसजशी पुढे जाते तसतशी माणसं कमरेतून दुमडत जातात, कणा आणखी थोडा, आणखी थोडा. राणी क्लेमांतीनकडे कुणी जरा पाहिलं तरी राजाला संशय, आणि ओस्कारला हुकूम की याला संपव. असे पाच दरबारी संपले आहेत. हे नाटक तिसऱ्या नेपोलियनच्या साम्राज्यात, त्याच्याच दरबारातल्या माणसांसमोर झालं होतं. मला 'विच्छा माझी पुरी करा' आठवलं. वसंत सबनीसांच्या वगातला राजा, त्याचा प्रधान, आणि दादा कोंडक्यांचा हवालदार. ते १९६५ चं. मध्ये शंभर वर्षं आणि सात समुद्र आहेत, पण राजाला हसण्याची रीत एकच. माझे चुलते पडवीत जे करून दाखवायचे तेच ल्योंच्या गायकांनी केलं.

या वाकलेल्या दरबारात नवी नवरी म्हणून बूलोत येते. रीतसर हस्तचुंबन करायचं, नजर खाली ठेवायची. तिला यातलं काही जमत नाही आणि जमवायचंही नाही. सफीर दिसताच ती सगळ्यांदेखत त्याचा मुका घेते. राजवाड्यात ताठ कण्याने उभं राहिलेलं एकटं माणूस ते. नवऱ्याला तेवढ्यात एर्मिया दिसते, म्हणजे सहावीची वेळ भरली.

तळघराचा प्रवेश मी विसरणार नाही. निळी दाढी पोपोलानीला हुकूम देऊन निघून जाते. बूलोत आणि पोपोलानी समोरासमोर. आत्तापर्यंत दणदणीत गाणारी बाई इथे घाबरते. आवाज लहान होतो, वाद्यं मागे सरतात. काही क्षण सभागृहात कुणी हललं नाही. ती पेला पिते आणि कोसळते. नवरा येऊन खात्री करतो, हलका होऊन जातो. मग पोपोलानी विजेचं यंत्र फिरवतो आणि बूलोत डोळे उघडते. तो पेला विषाचा नव्हताच. आधीच्या पाचही जणींना त्याने असंच झोपवून वाचवलेलं आहे. बंद दार उघडतं आणि पेरोच्या गोष्टीत जिथे प्रेतं होती तिथून एलोइझ, एलेओनोर, इझोर, रोझालिंद आणि ब्लांश गात बाहेर येतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मेलेल्या बायका एका थट्टेने जिवंत केल्या होत्या.

पोपोलानीबद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. त्याने हुकूम मोडला, जीव वाचवले. पण त्यांना तळघरातच ठेवून घेतलं. वाचवणं वेगळं आणि सोडवणं वेगळं. त्यांना बाहेर काढायची कल्पना बूलोतची, आणि इतरांना पेटवते तीही बूलोतच. नाटकाचा तोल या ठिकाणी किमयागाराकडून शेतकरणीकडे जातो.

मध्यंतरात शेजारच्या आजी बोलल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात कागदी पंखा, गळ्यात रेशमी रुमाल. मी भारतातून आले म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे अशी गाण्याची नाटकं असतात का?" मी संगीत नाटकांचं सांगितलं, आवडलं की लोक 'वन्स मोअर' म्हणून पुन्हा गायला लावायचे ते सांगितलं. "आम्ही 'बीस' ओरडायचो," त्या म्हणाल्या, "आता लोक फार शहाण्यासारखे बसतात." बाहेर सगळे हातात छोटे पेले घेऊन हळू आवाजात बोलत होते. मला बालगंधर्व रंगमंदिराच्या मध्यंतरातला बटाटेवडा आणि तोंड भरलेलं असताना चाललेली नाटकाची चिरफाड आठवली.

तिसरा अंक धावत सुटतो. निळी दाढी सफीर आणि एर्मियाच्या भर लग्नात येऊन सफीरला द्वंद्वात फसवून पाडते आणि एर्मियाशी लग्न लावून घेते. तेवढ्यात मुखवटे घातलेला जिप्सींचा जथा येतो. बूलोत हात पाहून भविष्य सांगायला बसते, राजाचा हात, निळ्या दाढीचा हात, आणि तळहातावरच्या रेषांतून एकेक खून वाचून दाखवते. मुखवटे उतरतात. पाच बायका. आणि पाच दरबारी, कारण ओस्कारनेही त्यांना मारलेलं नव्हतं. दोन हुकूमशहांचे दोन नोकर वर्षानुवर्षं एकेकटे हुकूम मोडत होते, एकमेकांना न सांगता. सफीरही जिवंत होतो. पाच जणी पाच जणांना मिळतात, आणि बूलोत पुन्हा निळ्या दाढीची बायको होते.

पडदा पडल्यावर सगळं सभागृह एका ठेक्यात टाळ्या वाजवायला लागलं. आधी विस्कळीत, मग एकदम एकच ताल, जसा आपल्याकडे भजनात धरतात. आजी टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तिने त्याला परत घ्यायला नको होतं." मी म्हटलं, मलाही तसंच वाटतं. तो जेवढा हास्यास्पद आहे तेवढाच अजून धोक्याचाही आहे, आणि पेलीने वर लटकवलेलं वर्तमानपत्र आजचं आहे. पण मग त्या म्हणाल्या, "आता तिला सगळं माहीत आहे, एवढं मात्र खरं." त्यावर मी रात्रभर विचार केला. पेरोच्या बायकोला कळलं तेव्हा ती एकटी होती आणि भावांची वाट पाहत होती. बूलोतच्या पाठीशी पाच जणी आहेत. तरीही माझं मत आजींच्या पहिल्या वाक्यापाशीच ठाम आहे. शेवट चुकला आहे.

तो बदलायला हरकत काय? आपल्याकडच्या एखाद्या फडाने किंवा नाटकमंडळीने ही बूलोत मराठीत आणावी. राजा-प्रधान तयार आहेत, सोंगाड्या तयार आहे, वाकणाऱ्या दरबाऱ्यांना ढोलकीचा ठेका फार शोभेल, आणि बूलोतसाठी पदर खोचून बैठकीची लावणीही गाईल आणि शिवारातली हाकही देईल अशी बाई महाराष्ट्रात शोधावी लागणार नाही. ऑफेनबाख १८८० साली गेला, मेयाक १८९७ साली, आलेव्ही १९०८ साली. त्यांच्या लेखनावर आता कुणाचा हक्क राहिलेला नाही. परवानगीचं पत्र नको, पैसे भरायला नकोत. फक्त प्रयोग लागेल तेव्हा कनातीचं दार उघडं ठेवा, आणि गावातल्या मुलींना पुढच्या रांगेत बसवा.